वर म्हणजे कुठे

पाणी निवळलेलं नाही, या एका गोष्टीवर त्या वर्षी किनाऱ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडण. पाऊस थांबून दीड महिना झाला तरी खाडीच्या तोंडातून तांबडं गढूळ पाणी येतच होतं. असं गोडं पाणी समुद्रावर सायीसारखं पसरलं की बांगडा काठाला फिरकत नाही. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे कोरडा, गार वारा सुटायला लागला की ही साय बाहेर ढकलली जाते, खालचं थंड पाणी काठाशी येतं आणि त्याच्यामागून मासा. पण वारा सुटत नव्हता. सकाळी आठलाच पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या, आणि माणसं समुद्राकडे अशी बघायची की जणू तो मुद्दाम करतोय.

रापण होती दुर्बीण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एका दोराचं टोक वाळूतल्या टोळीच्या हाती द्यायचं, होडीने जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारायचा, आणि दुसऱ्या दोराचं टोक लांबवर उभ्या असलेल्या दुसऱ्या टोळीला आणून द्यायचं. मग दोन्हीकडून ओढायचं, तास-दीड तास, कंबरेला पट्टा लावून, टाचा रोवून. मासा कुठे आहे हे होडीतल्या माणसाला दिसत नाही. ते दिसतं खडकावरून. शाळेच्या शेजारी उंच काळा खडक आहे, त्यावर दुर्बीण तीस वर्षं बसत आला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा विचार करूनच आठवायचं. कधीतरी एकदा त्याने मैलभर लांबून बांगडा आणि तारली यांतला फरक सांगितला होता. सांगितला एकदाच, पण त्यावरून पडलेलं नाव लोकांनी तीस वर्षं वापरलं.

त्या दिवशी दुर्बिणीने खडकावरून हाळी दिली, वाळूवरच्या बायकांनी ती पुढे पोचवली, होडीवरच्या तांडेलाने, म्हणजे दुर्बिणीच्याच मुलाने, जाळं टाकलं. दीड तास ओढल्यावर जाळ्याची खोळ, म्हणजे मासा साठतो ती मधली पिशवी, वाळूवर आली. खोळीत शेवाळ, अकरा खेकडे आणि एक डाव्या पायाची चप्पल.

"दुसरी कधी येणार?" दोरावरचा सल्लागार म्हणाला. हा माणूस प्रत्येकाला सल्ला द्यायचा, म्हणून हे नाव. "नाही, म्हणजे जोड पूर्ण झाला तर मी घालीन. माप माझंच आहे."

कोणी हसलं नाही. नववी खेप होती ही रिकामी.

"काळं दिसलं होतं," दुर्बीण खडकावरून उतरून आला होता. "चांगला अंगणाएवढा डाग होता."

"काका, तो ढग होता," सल्लागार म्हणाला. "ढगाची सावली ओढली आपण. आणि बघा, सावलीसुद्धा निसटली."

यावर मात्र सगळे हसले, आणि दुर्बीण हातातली काठी वाळूत टोचत उभा राहिला. त्याचा मुलगा ओलं जाळं घडी करत होता. त्याने मान वर केली नाही. बापाची फजिती झाली की हा गाठी तपासायला लागायचा. त्या मोसमात त्याच्या जाळ्याएवढ्या पक्क्या गाठी कुठल्याच जाळ्याला नव्हत्या.

दोरावर चोवीस माणसं लागतात. सातजण आधीच इंजिनवाल्याकडे गेले होते. इंजिनवाला म्हणजे मोटारीची मोठी होडी घेतलेला गृहस्थ. तो कोणाला वाईट बोलत नसे, फक्त संध्याकाळी वाळूवरून फिरायचा आणि विचारायचा, "काय, आज काय लागलं?" उरलेल्या सतराजणांच्या वतीने सल्लागारच बोलला.

"काका, राग मानू नका. पौर्णिमेपर्यंत आम्ही दोर धरतो. पाच दिवस. तोवर लागलं तर तुमचे, नाहीतर त्याचे. सतराच्या खाली रापण ओढली जात नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

खरं होतं. सतराच्या खाली गेलं की ती रापण राहत नाही, घरात जागा अडवणारी जाळ्याची रास होते. आणि दुर्बिणीच्या घरात दुसरं काही करता येणारं माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून सासऱ्याचा डबा घेऊन खडकावर चढली. एरवी डबा खाली ठेवून ती मासे निवडायच्या छपरीत जायची. पण निवडायला मासेच नव्हते. ती बसली. दुर्बीण समुद्राकडे तोंड करून, डोळ्यांवर आडवा हात धरून, अगदी फोटोतल्यासारखा बसला होता.

"मामा, ते पक्षी काय करतायत?"

"कुठले?"

"ते. तिकडे. सूर मारतायत."

दुर्बिणीने मान वळवली. डावीकडे. पक्षी उजवीकडे होते.

सुनेने डब्याचं झाकण काढलं, ते सासऱ्याच्या समोर हातभर अंतरावर धरलं आणि हळूच बाजूला नेलं. त्याचे डोळे समुद्रावरच राहिले. जवळून तिला त्याच्या बुबुळांवर दुधाळ पडदा दिसला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "गेल्या मोसमात पक्षी गेले. या मोसमात होडी गेली."

"आणि जेवायला बसल्यावर?"

"वासावर चाललंय. म्हणून तर तुझ्या सासूच्या स्वयंपाकाला हल्ली नावं ठेवत नाही, भांडलो आणि ताट सरकवलं तर परत सापडायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, कोणाला बोलू नकोस. आंधळ्याच्या हाळीवर कोण दोर धरेल?"

सून नदीकाठच्या गावची. समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवरचं गाव, पण तिचा बाप नदीत जाळी टाकायचा आणि पाण्यावरची सुरकुती वाचायला ती चालायच्या आधी शिकली होती. तिने उजवीकडे बघितलं. पक्ष्यांच्या खाली पाणी थरथरत होतं, वरून बारीक खडे टाकावेत तसं.

"मामा, मी बघते. तुम्ही ओरडा."

दोन दिवस असं चाललं. सून डबा घेऊन जायची आणि डबा संपायला तिला तीन तास लागायचे. खाली बायका म्हणाल्या, म्हाताऱ्याची भूक वाढलेली दिसते. पहिल्या दिवशी थोडी तारली लागली, वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ओंजळभर. सल्लागार म्हणाला, "आज ढग जरा खवल्यांचा होता." पण दुसऱ्या दिवशी त्यानेच पट्टा सगळ्यांच्या आधी बांधला.

तिसऱ्या दिवशी पहाटे किंचित गार वाटलं, आणि सुनेला माशांचा खरा थवा दिसला. पाण्याखाली जांभळट काळा, कडा हलत्या. होडी निघाली. निम्मं जाळं पाण्यात पडलं आणि थवा सरकायला लागला, खाडीच्या तोंडाकडे, जिथे बर्फाचा कारखाना आहे.

"मामा, वर चाललाय! वर!"

"वर!" दुर्बिणीने हाळी दिली. छाती अजून शाबूत होती त्याची. "वर घे! वर!"

बायकांनी वाळूवरून तेच पुढे दिलं. तांडेलाने ऐकलं आणि होडी सरळ किनाऱ्याकडे वळवली. जाळ्याचा फेरा आखूड झाला, मिटला. थवा त्याच्या बाहेरून शांतपणे, एखाद्याने ओळखच दाखवू नये तसा निघून गेला.

सून उठून उभी राहिली. "अहो, तिकडे कुठे! वर म्हटलं ना, वर!" ती दोन्ही हात कारखान्याकडे करून ओरडत होती, पदर खांद्यावरून सुटलेला, आणि सगळा किनारा मान वर करून तिच्याकडे बघत होता. तिच्या शेजारी दुर्बीण तिच्या आवाजाकडे तोंड करून विचारत होता, "काय झालं? काय झालं गं?"

लपवायला मग काही उरलं नाही. दोघं खडक उतरून वाळूवर आली, होडीही काठाला लागली.

"दुर्बिणीला नवीन काच बसवलीय तर," कोणीतरी म्हणालं.

"काच बरोबर आहे, उलटी बसवलीय," सल्लागार म्हणाला. पण त्याचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर आपण पाठ वाकवली तो माणूस आता सुनेला काय झालं असं विचारतोय, हे त्याला आवडलेलं नव्हतं. "काका, सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

सल्लागार कंबरेचा पट्टा सोडायला लागला.

"वहिनी, खडक म्हणजे काही नदीकाठ नाही," दुसरा एकजण म्हणाला. "उगाच तोंडघशी पाडलंत नवऱ्याला."

तेव्हा तांडेल पहिल्यांदा बोलला. तो इतका कमी बोलायचा की लोक त्याच्या बोलण्याला वळून बघायचे. "मासा होता. माझ्या वल्ह्याखालून गेला. तिने बघितला तो बरोबर. मी वळलो ते चूक."

"तू तर सांगितलं तिकडेच वळलास. वर."

"हो," तांडेल म्हणाला. "आता हिला विचारा, वर म्हणजे कुठे."

"जिथून पाणी येतं तिकडे," सून म्हणाली. "नदी जिकडून येते ते वर. दुसरं कुठलं?"

सगळेजण तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या सात पिढ्यांत वर म्हणजे किनारा, चढ, घर. खाली म्हणजे खोल समुद्र. तीन वर्षं ती त्यांच्यात राहत होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरात वर म्हणजे फळीवर, आणि फळी दोन्ही गावांना एकाच जागी असते.

संध्याकाळी घरात सासूने सुपातला तांदूळ जमिनीवर ओतला. दोरीचा एक तुकडा जाळं झाला, चमचा होडी झाला, तांदूळ मासा. दुर्बीण बोटांनी चाचपून बघत होता.

"वर-खाली बंद," तो म्हणाला. "आजपासून या घरात वर-खाली नाही."

"मग डबा फळीवरून काढायला सांगायचा कसा?" सासूने विचारलं.

"तुला नाही गं म्हणत. खडकावर. पोरी, खडकावर बसलीस की एका हाताला काय आहे?"

"शाळा."

"आणि दुसऱ्या हाताला?"

"बर्फाचा कारखाना."

"झालं. ही बाजू शाळा, ती बाजू बर्फ. किनारा म्हणजे घर. समुद्र म्हणजे बाहेर. यात कोणाच्या माहेरचं काही नाही." त्याने चमचा उचलून मुलाच्या हातात दिला. "चल. ओरड पोरी."

"घर!" सून ओरडली. तांडेलाने चमचा वळवला. "बर्फ! बर्फ! शाळा!"

"हळू," सासू म्हणाली. "शेजारी म्हणतील सुनेला ताप चढला."

तासभर तांडेल जमिनीवर चमचा फिरवत होता आणि बायको त्याला शाळेत, घरी, बाहेर पाठवत होती. शेवटी तो म्हणाला, "लग्नानंतर तू मला एवढं कधी बोलली नव्हतीस." सासू तांदूळ गोळा करता करता हसली. मोजून परत सुपात भरला, चार दाणे दोरीत अडकले होते तेही सोडवून घेतले.

पौर्णिमेच्या सकाळी दार उघडलं आणि जमिनीकडून गार, कोरडा वारा आत आला. अंगावर काटा उभा राहिला. दुर्बीण उंबऱ्यावर थांबला, मानेला वारा लागू दिला, आणि काठी घेऊन निघाला. वाटेत ठेच लागू नये म्हणून सुनेने त्याचा दंड धरला होता, पण घाई तोच करत होता.

खडकावरून समुद्र ओळखू येत नव्हता. तांबडी साय कुठल्याकुठे गेली होती. काठापर्यंत हिरवं निळं पाणी, आणि त्यात शाळेच्या बाजूला एक काळा डाग. ढग एकही नव्हता. डागाच्या कडेला मधूनच चांदीची मूठ उधळल्यासारखं व्हायचं.

"केवढा?" दुर्बिणीने विचारलं.

"मामा, केवढा ते सांगता येत नाही. आपल्या घराएवढा म्हटलं तर घर लाजेल."

होडी पाण्यात गेली. वाळूवर सतराजण. तिकडे धक्क्यावर इंजिनवाल्याचं इंजिन सुरू होत होतं, खोकत, धूर काढत.

"टाकायचं का?" खालून ओरड आली. "वहिनी, ते इंजिन निघालं की मासा बुजेल! टाका!"

डाग किनाऱ्याकडे सरकत होता, पण अजून होडीच्या पलीकडेच होता. "मामा?"

दुर्बिणीने कान खडकाच्या भेगेला लावला. भरतीचं पाणी त्या भेगेत शिरताना गुडगुड वाजतं. "वाजतंय अजून. भरती चढतेय. वाजायचं थांबलं की मासा जागीच घुटमळतो. तेवढा वेळ आपला. थांब."

"थांबा!" सून ओरडली.

"किती थांबायचं? दुपारचं जेवून येऊ का?" सल्लागाराचा आवाज.

"थांबा म्हटलं ना!"

माणसांना सगळं जमतं, समोर मासा असताना उभं राहणं जमत नाही. एकाने पट्टा सोडून परत बांधला. एकजण विनाकारण पाण्यात गुडघाभर जाऊन परत आला. होडीत तांडेल वल्हं पाण्यात धरून बसला होता, पाठ ताठ, मान खडकाकडे.

गुडगुड थांबली.

"आता," दुर्बीण म्हणाला.

"टाका! शाळा! शाळा! शाळा!" सुनेचा आवाज फाटला. वाऱ्याने तो उचलून समुद्रावर नेला, आणि वाळूवरच्या बायकांनी एका सुरात तो किनाराभर नेला. होडी शाळेकडे वळली, जाळं सळसळत पाण्यात पडत गेलं. डाग थबकला होता. मग कड हलली. "बर्फ! आता बर्फ! अहो बर्फ!" होडी उलटी फिरली. तांडेल उभा राहून वल्हं मारत होता, दोन माणसं जाळं फेकत होती. "बर्फ! बाहेरून घ्या! बाहेर! बर्फ!... घर! घर! घर!"

दुसऱ्या दोराचं टोक वाळूवर आलं. फेरा मिटला. डाग आत होता. सगळाच्या सगळा.

सतराजणांनी पट्टे लावले, टाचा रोवल्या आणि ओढलं. दोर हलला नाही. परत ओढलं. दोर ताणला जाऊन वीणेच्या तारेसारखा वाजला, आणि वाळूत रोवलेल्या टाचाच पुढे, पाण्याकडे सरकायला लागल्या. सल्लागाराच्या तळव्याची साल निघाली. त्याने एकही सल्ला दिला नाही.

"जास्त आहे," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "वहिनी, जास्त आहे! माणसं नाहीत!"

सून खडक उतरून धावत सुटली. आणि खाली पोचते तो शाळेच्या फाटकातून मास्तर पळत येताना दिसले, हातात खडू, मागून दोन बाई आणि शिपाई.

"काय झालं शाळेला?" मास्तर धापा टाकत ओरडले. "अख्खा किनारा शाळा शाळा ओरडतोय, छप्पर पडलं का?"

"छप्पर ठीक आहे मास्तर," सल्लागार म्हणाला, "दोर धरा!"

मास्तरांनी एकदा जाळ्याकडे बघितलं, खडू खिशात टाकला आणि पँट दुमडली. दुसऱ्या टोकाकडून खडखडाट ऐकू आला. बर्फाच्या कारखान्यातले आठजण हातगाडी ढकलत येत होते, गाडीवर पोत्यात गुंडाळलेल्या सहा लाद्या.

"एवढ्या घाईने बर्फ कोणाला हवाय?" त्यांचा मुकादम विचारत होता. "कोण आजारी आहे?"

"कोणी नाही! ठेवा तिथेच आणि ओढा!"

ओढलं. आता दोर सरकला, हातभर, मग आणखी हातभर. छपरीतल्या बायका आल्या. सासू आली, पीठ लागलेल्या हातांनी. इंजिनवाल्याकडे गेलेले सातजण धक्क्यावर उभे राहून बघत होते. त्यांच्यातला एक उतरून आला, मग बाकीचेही आले. कोणी त्यांना काही विचारलं नाही, पट्टे फेकले फक्त. "एक साथ! हां! एक साथ!" मास्तर वर्गात पाढे म्हणवतात तसे ताल धरत होते. माणसं मागे झुकली होती, घाम वाऱ्यात वाळत होता, मांड्या थरथरत होत्या.

खोळ उथळ पाण्यात आली तेव्हा समुद्र उकळतोय असं वाटलं. निळ्या-हिरव्या पाठी, चंदेरी पोटं, फटफट असा एकच आवाज. पाणी पायांवर उडत होतं. कोणी ओरडत होतं, कोणी नुसतंच हसत होतं. खोळ वाळूवर ओढायला तिघांऐवजी वीसजण लागले. ती फुटली नाही. कुठून फुटणार, त्या गाठी तांडेलाच्या होत्या.

इंजिनवाला चालत आला. आज त्याने काय लागलं असं विचारलं नाही. राशीला एक फेरी मारून तो म्हणाला, "टोपल्या कमी पडतील. माझ्या घ्या."

"परत करायच्या ना?" सासूने विचारलं.

"सावकाश करा," तो म्हणाला.

सुनेचा आवाज पार बसला होता. तिने दोन मोठे बांगडे उचलून दुर्बिणीच्या हातात ठेवले. त्याने ते तळहातावर तोलले, अंगठ्याने कल्ले उघडून बघितले, पाठीवरून बोट फिरवलं. "भरलेला आहे," तो म्हणाला. "थंडीचा मासा. असा अजून दोन महिने येईल." मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून खडकावर ही बसेल. टेहळ्याचा वाटा हिचा. मी दोर धरीन. दोर ओढायला डोळे लागत नाहीत."

"काका, या वयात कंबर धरेल," सल्लागार म्हणाला. तळव्याला फडकं बांधून त्याची सल्ल्याची ताकद परत आली होती. "पट्टा जरा वर बांधा."

"वर म्हणजे कुठे?" तांडेलाने विचारलं, आणि सगळा किनारा हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वारा तसाच गार होता. वाळूवर एकतीस माणसं आली होती. मास्तर शाळा भरायच्या आधी अर्धा तास देऊन जाणार होते. दुर्बीण सातव्या जागेवर उभा होता, पट्टा बांधून, दोर मुठीत. डाव्या-उजव्या माणसांना तो खांदे चाचपून ओळखत होता. सून खडकावर चढली, बसली, गुडघे जवळ घेतले आणि पाण्यावर नजर ठेवली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दुर्बिणीला राहवेना.

"अगं, दिसतंय का काही?"

"मामा," खडकावरून बसलेल्या आवाजात उत्तर आलं, "गप्प राहा. मासा बुजेल."

कोणीतरी हसू दाबलं. दुर्बीण गप्प झाला. सल्लागार गप्प झाला. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि काहीही न बोलता ते खिशात ठेवलं. होडीत तांडेलाने वल्हं पाण्याच्या वर उचलून धरलं, थेंब गळत राहिले, आणि एकतीस माणसं दोर हातात घेऊन, तिच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली.